वीतभर घरं आणि माझ्या कादंबऱ्या

आमच्या घरात काहीही टाकून देत नाहीत. म्हणजे मी टाकू देत नाही. टूथपेस्टचं झाकण म्हणजे कुंडी. संपलेली रिफील म्हणजे नळाचा पाइप. फुटलेल्या बांगडीचा तुकडा तर खिडकीची रंगीत काच! वीस-बावीस वर्षं मी कथा-कादंबऱ्या लिहितेय आणि गेली सात वर्षं मिनिएचर करतेय. खऱ्या घराची, खऱ्या दुकानाची हुबेहूब पण वीतभर प्रतिकृती. ह्या दोन नादांपायी घरात जेवढे डबे साठलेत, त्याहून जास्त किस्से साठलेत. डब्यांवर निदान लेबलं आहेत. किस्से मात्र एक काढायला गेलं की चार अंगावर पडतात. मैत्रिणी जमल्या की फर्माइश सुरू होते, "तो डोक्याचा सांग गं!" सांगते, सांगते. पण सुरुवातीपासून.

* * *

मी एका कादंबरीत अडकले होते. मुकुंदवाडीतलं एक घर, त्यात तीन पिढ्यांची पाच माणसं. नायिकेला स्वयंपाकघरातून, गॅलरीतलं नवऱ्याचं फोनवरचं बोलणं ऐकू यायला पाहिजे होतं. त्या ऐकण्यावर पुढची सगळी कादंबरी उभी! पण लिहायला बसलं की काहीतरी खोटं वाटायचं.

माझा नवरा दिलीप शेंद्र्याला एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा त्याला पगार मिळतो. तो म्हणाला, "नकाशा काढून बघ."

मला नकाशातलं ओ की ठो कळत नाही. मग मी बुटाचं खोकं घेतलं, लग्नपत्रिकांच्या जाड कार्डांच्या भिंती केल्या, आइस्क्रीमच्या काड्यांची दारं केली. तीन दिवस जेवण-खाण विसरून ते घर बांधलं. आणि काय मजा आली सांगू! पंधरा वर्षं जे नुसतं डोक्यात होतं ते हाताला लागत होतं!

दिलीप ऑफिसातून आला. कंपनीतला माल तपासावा तसा वाकून, डोळा बारीक करून त्यानं घर बघितलं.

"छान झालंय. एक विचारू?"

"विचार की."

"ही माणसं जातात कुठं?"

"कुठं म्हणजे?"

"सकाळी."

मी घराकडं बघितलं. हॉल होता, दोन खोल्या होत्या, देवघरसुद्धा होतं. दोनशे दहा पानं! पाच माणसं! तीन पिढ्या! आणि संडास नाही!

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली, गॅलरीच्या अगदी भिंतीला लागून मी संडास बांधला. आणि बांधता बांधता एकदम लख्ख दिसलं, की नायिका ते बोलणं इथूनच ऐकते! नळ चालू ठेवून, श्वास धरून. कादंबरी धाडकन पुढं सरकली.

आजही वाचक भेटतात आणि त्याच प्रसंगाबद्दल बोलतात. "मॅडम, तिची ती घुसमट, ती बंद जागा... हे प्रतीक तुम्हाला सुचलं कसं?"

मी नुसतं हसते. काय सांगणार!

* * *

पुढं ह्याच घराचं मी नीट, पक्कं मॉडेल केलं. दीड फूट बाय एक फूट. प्रकाशकांना ते इतकं आवडलं, की त्यांनी मुखपृष्ठावर त्याचाच फोटो टाकला. संध्याकाळचा उजेड, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. कुणाला शंका येणार नाही असा!

पुस्तक येऊन पंधरा दिवस झाले असतील. एका गृहस्थांचा फोन.

"मॅडम, तुमच्या पुस्तकावर जे घर आहे, ते मुकुंदवाडीत कुठल्या गल्लीत आलं?"

मला वाटलं, वाचक आहे. मी खूश! "का हो?"

"नाही, भाड्यानं मिळेल का विचारायचं होतं. मिसेसला गॅलरी फार पसंत पडली."

"अहो, ते मॉडेल आहे."

"सँपल फ्लॅट का?"

"नाही हो. खेळण्यातल्यासारखं. दीड फूट बाय एक फूट."

पलीकडं मिसेसशी काहीतरी कुजबुज. मग काळजीचा आवाज आला. "एवढ्यात माणूस राहणार कसा?"

"पाच राहतात," मी म्हणाले. "दोनशे दहा पानांपासून!"

* * *

औरंगपुऱ्यात एका गल्लीत रेहानाचं शिलाईचं दुकान आहे. माझे ब्लाउज तिच्याकडंच असतात. म्हटलं, पडदेही तिच्याकडूनच शिवून घ्यावेत.

"पर्दा कित्ता बोले भाभी?"

"चार इंच."

"चार फूट."

"फूट नाही गं, इंच!"

तिनं टेप गळ्यात टाकली आणि माझ्याकडं बघितलं. "चार इंच का पर्दा? हौली हो गई क्या तुम?" हौली म्हणजे खुळी!

मग मी पर्समधून छोटीशी खिडकी काढून तिच्या मशिनवर ठेवली. बास! रेहाना जी पेटली! तीनदा माप घेतलं. पडद्याला दुमड किती, फ्रिल लावू का, अस्तर पाहिजे का. मागं गिऱ्हाइकं ताटकळत उभी, आणि ही चार इंचाच्या पडद्याचा रंग ठरवतेय!

आठवड्यानं गेले, तर पडद्याबरोबर एक इवलीशी रजईपण तयार. आत खरा कापूस, वरून टाके घातलेले.

"हे मी सांगितलं नव्हतं."

"पलंग हैच ना घर में? फिर? ठंड में क्या अखबार ओढके सोते वो लोगां?"

तेव्हापासून माझ्या सगळ्या कादंबऱ्यांचे कपडे तीच शिवते. अट एकच. शिवताना तिला गोष्ट सांगायची. मी स्टुलावर बसून सांगते, ती पायानं मशिन चालवत ऐकते. गोष्ट रंगली की मशिन थांबतं. मला तर आता संपादकापेक्षा त्या मशिनवर जास्त भरवसा आहे. दहा मिनिटं ते थांबलं नाही, तर समजायचं की प्रकरण बोअर झालंय!

एकदा मी नायकाची चार इंचाची बाहुली घेऊन गेले. त्याला सदरा पाहिजे होता, बारीक चौकड्यांचा. गोष्ट सांगायला लागले. नायिका, तिचा संसार, मग नायक तिला सोडून मुंबईला निघून जातो...

मशिन थांबलं. रेहानानं बाहुली उचलली आणि माझ्या हातात परत दिली.

"इसकू नक्को."

"अगं, पण सदरा..."

"बीवी कू छोड के गया ना? फिरने दो वैसाच!"

मी दोनदा विनंती केली. ऐकली नाही. आजही आमच्या शोकेसमध्ये तो बनियनवर उभा आहे.

* * *

आता तो डोक्याचा.

मी त्या वेळी एका म्हातारीची बाहुली करत होते. डोकं मातीचं, धड कापडाचं. डोकं अजून वाळत होतं, म्हणून नुसतं धड बॅगेत घालून लुगड्याचं माप द्यायला निघाले. मुकुंदवाडीहून औरंगपुऱ्याची रिक्षा केली. वाटेत रेहानाचा फोन आला. रिक्षाचा आवाज मोठा, म्हणून मी ओरडूनच बोलत होते.

"हां रेहाना, निकली मैं! सुनो, बुढिया का सर घर पेच रह गया! ...नहीं, नहीं, सर सूखने को रखा है गॅलरी में! ...आज सिर्फ धड लाई बॅग में! ...हां, हाथ-पैर साथ में है, लेकिन एक हाथ ढीला हो गया, वो बाद में लगाऊंगी!"

रिक्षा हळू झाली. आरशात मला ड्रायव्हरचे डोळे दिसले. चांगला पन्नाशीचा, दाढीवाला, शांत माणूस होता. मी फोन ठेवला आणि त्याच्याकडं बघून हसले. माझं हसणं तेव्हा फार चुकलं असावं, कारण त्यानं पुढच्या चौकात रिक्षा थेट ट्रॅफिक हवालदारासमोर नेऊन थांबवली, उडी मारून उतरला आणि दहा पावलं लांब जाऊन उभा राहिला.

"साब, पीछे देखो. बॅग देखो."

हवालदार आले. "मॅडम, बॅग उघडा."

"अहो, तसं काही नाही, मी लेखिका आहे..."

"उघडा."

मी बॅग उघडली आणि डोकं नसलेली चार इंचाची म्हातारी त्यांच्या तळहातावर ठेवली. हवालदारांनी तिला उलटी केली, सुलटी केली. ढिला हात हलवून बघितला. तोवर रिक्षावाला एक-एक पाऊल करत जवळ आला होता. दोघांची डोकी एकमेकांना लागली. मागं हॉर्नवर हॉर्न, पण सिग्नलकडं कुणाचंच लक्ष नाही!

"पायात वाळा घातलाय तुम्ही," हवालदार म्हणाले.

"हो. बारीक तारेचा."

"उगं केलाय का खरंच असा असतो?"

"माझ्या आजेसासूबाईंचा बघून केलाय."

त्यांनी बाहुली परत दिली. तोंडावर पुन्हा सरकारी भाव आणला.

"जा आता. पण डोकं बसवल्यावर एकदा दाखवून जा."

गेले ना! तिसऱ्या दिवशी त्याच चौकात. रिक्षापण तीच होती.

* * *

आपल्या शहरातल्या एका प्रदर्शनात मी एक दुमजली घर मांडलं होतं. गच्चीवर काळी टाकी, गॅलरीत निळा ड्रम, मोरीत तीन बादल्या, ओट्याखाली कळशा, आणि दाराजवळ वीस लिटरच्या जारची रांग.

पुण्याहून आलेल्या एक बाई बराच वेळ बघत होत्या. "फारच सुंदर! फक्त भांडी जरा जास्त झालीत का हो? पसारा वाटतो."

मी उत्तर देणार तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या, आपल्या इथल्याच एका काकूंनी चष्मा वर केला. ड्रममध्ये वाकून बघितलं. मी त्यात अर्ध्यापर्यंत पारदर्शक रेझिन ओतून पाणी केलं होतं.

काकू हळहळल्या. "अर्धाच राह्यलाय! पाणी कधी आलं होतं हो ह्यांच्याकडं?"

* * *

हा किस्सा मी बरीच वर्षं कुणाला सांगितला नव्हता.

एक ज्येष्ठ समीक्षक, निवृत्त प्राध्यापक, माझ्या पुस्तकावर दिवाळी अंकासाठी लिहिणार होते. त्याआधी बोलायला म्हणून घरी आले. मोठा माणूस! मी आदल्या दिवसापासून घर आवरत होते. आणि नेमकी एक वाटी टीपॉयवरून उचलायची राहिली.

त्या वाटीत होत्या जिलब्या. कॉर्नफ्लॉवर, डिंक आणि रंग कालवून केलेल्या, मसुरीएवढ्या, दीडशे नग. मिठाईच्या दुकानाचं मॉडेल चाललं होतं, त्यासाठी वाळत ठेवलेल्या.

चहा झाला. सर बोलता बोलता पुढं वाकले, वाटीतली चिमूट उचलली आणि तोंडात टाकली!

कट्ट!

मी दिलीपकडं बघितलं. दिलीपनं माझ्याकडं बघितलं. सर चावत होते.

"बडीशेप जरा जास्त भाजली गेलीय."

आता सांगा, काय बोलणार? 'सर, तुम्ही डिंक खाताय' असं म्हणायला जीभ उचलेना. तेवढ्यात दिलीप उठला, आत गेला आणि खऱ्या बडीशेपेची वाटी घेऊन आला. "सर, ही ताजी आहे."

"असू द्या. मला हीच आवडली," म्हणत सरांनी दुसरी चिमूट घेतली!

ते जिन्यावरून उतरले नाहीत तोच मी आमच्या डॉक्टरांना फोन लावला. रडकुंडीला आले होते. डॉक्टरांनी काय काय घातलंय ते शांतपणे ऐकून घेतलं. "वहिनी, लोक रस्त्यावर ह्याहून भयंकर खातात. पाणी प्यायला सांगा."

पण सांगू कसं? शेवटी फोन करून म्हटलं, "सर, ऊन फार आहे, पाणी भरपूर प्या हं." सरांना इतकं बरं वाटलं!

महिन्याभरानं अंक आला. त्यात सरांचं वाक्य होतं : 'लेखिकेचे तपशील इतके जिवंत आहेत, की उचलून चाखून पाहावेत असा मोह होतो.'

दिलीपनं ते मोठ्यानं वाचलं आणि अंक मिटला. "कळव त्यांना. चाखून झालेत."

* * *

माझे सासरे, आबा, तीन वर्षांपूर्वी करमाडहून आमच्याकडं राहायला आले. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून. शेती आता दीर बघतात. आबांना शहरात करमेना, आणि माझा उद्योग बघून तर कीवच यायची. गावाकडून फोन आला की सांगायचे, "सूनबाई व्हय? हाय ना. बसलीय भातुकली मांडून."

माझी नऊ पुस्तकं आली, पण आबांनी एकही उघडलं नव्हतं. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी विषय काढला नाही. पण लागायचं मनाला, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी मी एका गावाची कादंबरी लिहीत होते. करमाडच्याच बाजूचं, पण नाव नसलेलं गाव. त्यासाठी शेताचा एक कोपरा केला होता. विहीर, गोठा, बैलगाडी. एका दुपारी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर आबा माझ्या टेबलाशी, भिंग डोळ्याला लावून बसलेले.

"पोरी, ही गाडी कुठं चालली?"

"शेताकडं, आबा."

"नाय जायची."

"का?"

"जुवाला शिवळाच नायत."

शिवळा म्हणजे जुवात बैलाच्या मानेच्या दोन्ही बाजूंना घातलेले दांडके. ते नसले तर बैल जुवातून सरकून मोकळे होतात. मला हे माहीत होतं, पण करायचे विसरले होते.

"बैल काय मनानं उभं राहतील व्हय मधी? मालकीणबाई कादंबरी लिवती म्हणून?"

आणि त्यांनी खिशातून छोटा चाकू काढला, माझ्या टूथपिक घेतल्या आणि शिवळा तासायला बसले. दोन तास! चार तुटल्या, चार जमल्या. जमल्यावर त्यांनी ते इवलंसं जू बोटांनी असं हलवून बघितलं, की मला वाटलं आता हे गाडी जुंपून निघतात!

"अजून काय काय बिघडवून ठेवलंय?" त्यांनी विचारलं.

मी मन घट्ट केलं आणि कादंबरीचं हस्तलिखित त्यांच्यापुढं ठेवलं.

चार दिवस ते वाचत होते. ओठ हलवत, पुटपुटत. त्या चार दिवसांत माझी जी अवस्था झाली, ती कुठल्याही प्रकाशकानं केली नव्हती. पाणी द्यायच्या निमित्तानं जायचं, कुठल्या पानावर आहेत ते चोरून बघायचं आणि परत यायचं. चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ!

पाचव्या दिवशी हाक आली.

"पान एकशे बारा."

"काय झालं आबा?"

"दिवाळीत तूर काढली तू."

"हो..."

"दिवाळीत तूर फुलात असती. तुझ्या माणसानं काय फुलं झोडपली व्हय?"

असल्या तेवीस चुका! शाळेच्या वहीत, पान नंबर घालून, एकाखाली एक लिहिलेल्या. मला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला, की मी ती वही छातीशी धरून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

वहीच्या शेवटी त्यांनी अजून एक ओळ लिहिली होती. 'म्हातारा मेला तिथं काय चूक नाय.'

पुस्तक छापून आलं त्या दिवशी गावाकडून दिरांचा फोन आला. आबा बाहेरच्या खोलीत ऐटीत बसून बोलत होते. मी आतून ऐकलं.

"हां, आली आज. लई भारी झालीय. व्हय, व्हय... आम्ही कादंबरी लिवलीय!"

* * *

आणि आता हा. ह्यानंतर मी दुसरा किस्सा सांगू शकत नाही, म्हणून नेहमी शेवटी ठेवते.

प्रदर्शनात माझी घरं बघून एक बाई माझ्याकडं आल्या. मंदाताई. निवृत्त शिक्षिका, साठी उलटलेल्या, नीट पिन लावलेली सुती साडी. हातात चौकड्यांच्या वहीचं पान, त्यावर पेन्सिलीनं काढलेल्या दोन खोल्या.

"माझं लहानपण ह्या दोन खोल्यांत गेलं. मुकुंदवाडी स्टेशनजवळ. आता तिथं कॉम्प्लेक्स झालंय. मला ह्या करून द्याल?"

मी ऑर्डरी घेत नाही. पण त्या सांगायला लागल्या. आई, त्या आणि मोठा भाऊ. पोपटी भिंती. गाडी गेली की मांडणीवरच्या वाट्या वाजायच्या, आणि आई झोपेतसुद्धा म्हणायची, "गेली." मी तिथंच 'हो' म्हणून टाकलं!

पंधरा दिवस आम्ही दोघी त्या घराला भिडलो होतो. त्या रोज यायच्या. चुलीमागची काजळी, दारावरचं खडूनं काढलेलं गोपद्म, खिडकीचा एक गज वाकलेला... एक-एक आठवत गेलं आणि मी करत गेले. वाट्या तर मी पिनच्या टोप्यांच्या केल्या. टेबलाला धक्का दिला की खरंच वाजायच्या! मंदाताईंनी सात-आठ वेळा धक्का दिला.

शेवटी राहिली आईची बाज. मी दोऱ्यानं विणून, चार पाय लावून तयार केली. पण ठेवायची कुठं? मंदाताई एक दिवस म्हणायच्या दाराच्या डावीकडं, दुसऱ्या दिवशी उजवीकडं.

"ताई, काय ते एक ठरवा."

"दादाला आठवत असेल."

"मग विचारा की त्यांना!"

त्यांनी हातातली बाज टेबलावर ठेवली. "आमचं बोलणं नाही. अकरा वर्षं झाली. आई गेल्यापासून."

कारण मी विचारलं नाही. लेखिका असूनही! पण मी म्हणाले, "मग घर असंच राहील. बाज ठेवल्याशिवाय मी देणार नाही."

त्यांना माझा राग आला असणार. बाज एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं ठेवून बघितली. मग पर्समधून फोन काढला. नंबर शोधावा लागला नाही, पाठ होता. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवरच असतो.

"हॅलो?" पलीकडून जाड, थकलेला आवाज.

"दादा, मी मंदा. आईची बाज दाराच्या डाव्या हाताला होती का उजव्या?"

मला वाटलं, फोन ठेवला. मंदाताईंनी फोन उचलून स्क्रीन बघितली.

मग आवाज आला. "आत येताना का बाहेर जाताना?"

"आत येताना."

"डाव्या."

"उजव्या नाही?"

"उजव्या हाताला मोरी होती गं!"

"मोरी मागच्या खोलीत होती!"

"ती नंतर झाली. घरमालकानं नंतर बांधली. तू दुसरीत होतीस."

"दुसरीत नाही, तिसरीत!"

चाळीस मिनिटं! मी दोनदा चहा केला, दोन्ही वेळा गार झाला. ना 'कशी आहेस', ना 'कसा आहेस'. नुसती बाज आणि मोरी!

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात सत्तरीचे, उंच, वाकलेले गृहस्थ. करमाडहून पहिल्या बसनं आले होते. बहीण आत बसलेली दिसली, पण तिच्याकडं न बघता सरळ टेबलाशी गेले आणि त्या घरासमोर गुडघ्यांवर बसले.

मग त्यांनी वाकलेल्या गजाला बोट लावलं. "हा मी वाकवला होता."

"माहितीय," मंदाताई म्हणाल्या. "मार मी खाल्ला होता."

त्याही खाली बसल्या. घराच्या एका बाजूला तो, एका बाजूला ती. बाज मधे मोकळीच होती. भावानं ती दोन बोटांनी उचलून दाराच्या डाव्या हाताला ठेवली. बहिणीनं जरा वेळानं उचलून उजव्या हाताला, खिडकीखाली ठेवली.

"आजारी पडल्यावर खिडकीखाली घेतली होती," त्या म्हणाल्या. "तू तेव्हा नोकरीवर होतास, नांदेडला."

"मीच सुट्टीत येऊन ओढली होती. तिला गाडी दिसावी म्हणून. तू शाळेत होतीस, शिकवायला."

मंदाताईंनी त्यांच्याकडं बघितलं नाही. पण बाज पुन्हा डावीकडं सरकवली. त्यांनी उजवीकडं. तिनं डावीकडं.

मी आपली डिंकाची ट्यूब उघडून मागं उभी. घर मंदाताईंकडं रिक्षातून जायचं होतं आणि बाकी सगळं मी पक्कं बसवलं होतं. ट्यूबच्या तोंडाशी डिंक सुकायला लागला, तेव्हा न राहवून विचारलं, "मग... कुठं चिकटवू?"

दोघांनी पहिल्यांदा मान वर करून एकमेकांकडं बघितलं. आणि एकदम, एका आवाजात माझ्यावर ओरडले,

"चिकटवू नका!"